कावेरीच्या वाळूतली पांढरी कुत्री

ती आमच्या घरी आली तेव्हा सहा वर्षांची होती, आणि त्या सहा वर्षांत ती एकदाही खेळली नव्हती. हे अर्थात मला नंतर कळलं. त्या दिवशी दिसलं ते इतकंच, की ऑटोच्या मागच्या सीटवरून एक उंच, लांब पायांची, पांढरीशुभ्र कुत्री खाली उतरली, आमच्या पायरीपाशी आली आणि तिथंच थांबली. नाक गुलाबी, कानांच्या आतली बाजू गुलाबी, छाती खोल आणि पोट आत गेलेलं. आत यायचं की नाही हे कुणीतरी ठरवेल, अशा बेतानं ती उभी होती. माझा नवरा आत गेला, मी गेले, तेव्हा आमच्या मागून तीही आली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तांदळाच्या पिंपाशेजारी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिनं तो कोपरा सोडला नाही.

नवऱ्याचं कुंभकोणम्‌मध्ये औषधांचं दुकान आहे. जनावरांचे एक डॉक्टर तिथं नेहमी येतात. पापनाशम्‌जवळ एक म्हातारे गृहस्थ राजपाळयम जातीची शिकारी कुत्री पाळत, पिल्लं विकत, आणि आता त्यांच्यानं होत नाही म्हणून कुत्री चांगल्या घरी देऊन टाकताहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरुण कुत्री केव्हाच गेली होती. उरली होती ती ही एक, चार वेळा व्यायलेली. "फार शांत आहे, कशाचाच गोंधळ करत नाही," असं त्या गृहस्थांनी सांगितलं होतं. नवऱ्याला लहानपणापासून कुत्रं हवं होतं. पन्नाशीत ते जमलं.

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन इथं आले त्याला बावीस वर्षं झाली. घरी बसून पुण्याहून येणारी मराठी पुस्तकं तपासते, ऱ्हस्व-दीर्घ आणि स्वल्पविराम दुरुस्त करते. नवऱ्याचं घराणं तंजावरच्या मराठ्यांच्या काळात इकडं आलेलं, त्यामुळं घरात मराठी आहे, पण ते माझं मराठी नव्हे. घरात तिसऱ्या आहेत नवऱ्याच्या आत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, अविवाहित. त्यांचं बोलणं ऐकलं की जुनी पोथी कुणीतरी तमिळ चालीत वाचतंय असं वाटतं. त्या "मला" म्हणत नाहीत, "मज" म्हणतात.

पहिल्या आठवड्यात घरात वाद झाला तो कुत्रीशी कुठल्या भाषेत बोलायचं यावरून.

"पापनाशम्‌ची आहे. तिला तमिळच कळणार," नवरा म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून "वा, वा" करू लागला. तमिळमध्ये त्याचा अर्थ "ये, ये." मला मात्र बावीस वर्षांनंतरही गाण्याच्या मैफिलीत दाद दिल्यासारखं ऐकू येतं.

"घरांत जें बोलतों तेंच तिज बोलायचें," आत्या म्हणाल्या. "तूं सून आलीस तेव्हां तुज काय तमिळ येत होतें? शिकलीस कीं नाहीं?"

शेवटी तिघं आपापल्या परीनं बोलत राहिलो. तिला एक नाव दिलं, तेही तीन उच्चारांत. नवऱ्यानं दाबलं की चीं चीं करणारा रबरी कोंबडा आणला आणि रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर तिच्या मागे बसून तो वाजवायचा. ती भिंतीकडं बघत बसलेली. मी चेंडू टाकला तर चेंडू तिच्या पंजाला लागून थांबायचा आणि ती हळूच पंजा मागे घ्यायची, जणू दुसऱ्याच्या वस्तूला चुकून पाय लागला. हाक मारली तर बघायची नाही. मग कधी आपणहून मान वळवून इतकी निरखून बघायची की मलाच अवघडायला व्हायचं. मला वाटायचं, हिला आम्ही आवडलेलो नाही.

दुसरा आठवडा संपत आला होता. दुपारी ती झोपाळ्याखाली झोपली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन जाताजाता वाकले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढं काय झालं ते इतकं भरकन झालं, की आधी तांब्या पडला की आधी दात लागले हे मला सांगता येत नाही. मनगटावर दोन ठिकाणी रक्त आलं. ती उसळून पिंपामागे गेली, भिंतीला चिकटली आणि तिथंच तिला लघवी झाली.

नवऱ्यानं मनगट साबणानं बराच वेळ धुतलं, मला इंजेक्शनला नेलं. घरी आल्यावर म्हणाला, "बोलू का त्या म्हाताऱ्यांशी? परत घेतील."

खरं सांगायचं तर हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. जखमेचं काही नव्हतं. अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

आत्या त्या कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या, कुत्रीपासून चार हातांवर, तिच्याकडं न बघता. फरशी त्यांनीच पुसून काढली होती. "तुजपेक्षां तीच अधिक घाबरली गे," त्या म्हणाल्या. "दीपावळी होऊं दे. मग बघूं."

दिवाळीची मला आधीच धास्ती होती. इथं नरकचतुर्दशीला पहाटे चारपासून फटाके सुरू होतात, आणि आमच्या गल्लीत ते दाराच्या उंबऱ्याशी लावतात. डॉक्टरांनी शांत राहायची एक गोळी, अगदीच घाबरली तर द्यायला, देऊन ठेवली होती. मागच्या खोलीत मी गादी टाकली, खिडक्या बंद केल्या, फटींत जुने टॉवेल कोंबले आणि पहाटे तिच्याजवळ जाऊन बसले. जवळ म्हणजे हातभर लांब. त्या दुपारचा प्रसंग मनगट अजून विसरलं नव्हतं.

समोरच्या घरी पहिली हजाराची माळ लागली. खिडकीची काच थरथरली. गल्लीतली कुत्री केकाटत पळाली. मी दोन्ही कानांवर हात दाबले आणि तिच्याकडं पाहिलं.

ती झोपली होती. कानाचं टोकसुद्धा हललं नाही.

माळ संपता संपत नव्हती, दुसऱ्या घरची सुरू झाली, मग कुठंतरी सुतळी बॉम्ब. तिची कूस शांतपणे वरखाली होत होती की नाही हे त्या अंधुक उजेडात मला नीट दिसेना. मनात नको ते आलं. मी हात पुढं केला, पण डोक्याला लावायचा धीर झाला नाही, म्हणून तिच्या नाकासमोर धरला. नाकपुड्या हलल्या. एकदा, दोनदा. मग डोळे उघडले. तिनं माझा हात हुंगला, वर माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि शेपूट गादीवर एकदा आपटलं. बाहेर आभाळ फाटत होतं.

दार ढकलून आत्या आत आल्या, डोक्याला तेल लावलेलं तसंच. "निजली आहे?" त्यांनी विचारलं. मी कुत्रीकडं बोट केलं. आत्या क्षणभर बघत राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, पितळी ताट आणि डाव घेऊन आल्या, कुत्रीच्या पाठीमागं उभ्या राहिल्या आणि ताटावर डाव असा हाणला की माझ्या दातांतून कळ गेली. कुत्री माझ्याकडंच बघत होती.

"तिज ऐकूंच येत नाहीं," आत्या म्हणाल्या. डाव त्यांच्या हातात तसाच राहिला. "पावम्. पावम्, बिचारें लेंकरूं."

सणानंतर डॉक्टरांनी तपासलं. मागून टाळ्या वाजवल्या, किल्ल्या खुळखुळवल्या, शिट्टी फुंकली. "जन्मापासूनच," ते म्हणाले. "या पांढऱ्या, गुलाबी नाकाच्या कुत्र्यांत असतं असं. मलाही आधी लक्षात यायला हवं होतं."

"सहा वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"ती जाळीच्या शेडमध्ये बाकीच्या कुत्र्यांकडं बघायची. बाकीची उठली की ही उठायची, बाकीची धावली की ही धावायची. माणसाला काय, रांगेतलं एक कुत्रं दिसायचं."

त्या दिवशी घरी येऊन मी खुर्ची ओढली आणि नुसती तिच्याकडं बघत बसले. समोर तपासायचे कागद पडले होते. थोड्या वेळानं दाराची घंटी वाजली, माझी मान वळली, आणि ती ताडकन उठून दाराकडं गेली. कुकरची शिट्टी झाली, आत्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं, तिनंही पाहिलं. म्हणजे आमच्या माना हेच तिचे कान होते. महिनाभर आम्ही तिला हाका मारत होतो, चुकीच्या बाजूनं, आणि ती त्या महिन्यात आम्हा तिघांना अक्षर न् अक्षर वाचून बसली होती. ती निरखून का बघायची ते मला आता कळलं. असं मला आयुष्यात कुणी वाचलेलं नाही. त्या दुपारच्या चाव्याची लाज वाटली. माझी, तिची नव्हे. तिच्या गाढ झोपेत अचानक आभाळातून हात आला होता.

मग सगळं बदललं. तिला उठवायचं तर हात नाकाशी धरायचा आणि थांबायचं. मागून कधी जायचं नाही. खोलीत शिरताना दिवा एकदा चालू-बंद करायचा. छातीवर दोनदा थोपटलं की "ये," तळवा खाली केला की "बस," अंगठा वर केला की "शाबास." प्रत्येक अंगठ्यामागून इडलीचा तुकडा. तिच्यासाठी अंडं उकडायला आत्यांनी परसात वेगळी चूल मांडू दिली, पण भांडं स्वयंपाकघरात येणार नाही या अटीवर. तिचं नाव आम्ही वापरणं सोडलं. आत्यांनी तिच्यासाठी एक खूण केली, कपाळावरून एक बोट खाली नाकापर्यंत ओढायचं. तिच्या कपाळापासून नाकापर्यंतच्या लांब, सरळ उताराची ती खूण. तेच आजही तिचं नाव आहे, म्हणून इथं ते लिहिता येत नाही.

ती दोन आठवड्यांत खुणा शिकली. झोपाळ्याखालून ती दिवाणखान्याच्या मध्यावर आली, माझ्या खुर्चीच्या पायाला पाठ टेकून झोपू लागली. पण खेळ मात्र नाही. दोरीची गाठ ओढून दाखवली, फडकं जमिनीवरून सापासारखं फिरवलं, नवरा तर दिवाणखान्यात रांगत गेला. ती आदरानं बाजूला व्हायची. डॉक्टर म्हणाले, खेळ पिल्लूपणी एकमेकांत शिकतात. तिला दुसरी पिल्लं हाका मारून बोलावत असतील, ती जात नसेल, मग त्यांनी सोडून दिलं असेल. आता या वयात येईल का? सांगता येत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी हा तमिळ महिना लागला. या महिन्यात इथल्या बायका दारात रांगोळ्या, म्हणजे कोलम, रोजच्यापेक्षा मोठ्या काढतात. आत्या उजाडायच्या आधी बादली घेऊन दारात सडा टाकायच्या. ओंजळीत पाणी घ्यायचं आणि मनगटाच्या एका झटक्यात पसरून फेकायचं, ही त्यांची साठ वर्षांची सवय. कुत्री उंबऱ्यात बसून ते बघायची. एके दिवशी मी पाहिलं, पाणी हवेत गेलं की तिची मान त्याबरोबर वर जाते आणि खाली येते. दुसऱ्या दिवशी ती पायरी उतरून उभी होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक थेंब तिच्या तोंडाजवळून गेला आणि तिनं जबडा मिटला. कट्. मग ती स्वतःच दचकली आणि आमच्याकडं बघू लागली, चूक झाली का असं विचारत.

आत्यांनी अंगठा वर केला.

मग त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. या वेळी खाली नाही, वर फेकली, पूर्ण हात उचलून, रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात. ते पाणी पसरलं, आणि ती उठली. उठली म्हणजे जमिनीवरून गेलीच. मागच्या पायांनी तिनं स्वतःला असं वर सोडलं की तिचं डोकं आत्यांच्या डोक्याच्या वर होतं. पाठ वळली, पुढचे पाय पोटाशी आले, तोंडानं हवेतलं पाणी तोडलं आणि चारी पायांवर उतरून ती लगेच फिरली. समोरच्या दारात कोलम काढणारी शेजारीण चिमटीत पीठ धरून तशीच उभी होती. पीठ तिच्या बोटांतून सांडत होतं, तिला भान नव्हतं.

"अय्यय्यो," आत्या म्हणाल्या, अगदी हलक्या आवाजात. "हें हिच्यांत होतें?"

त्या दिवशी दोन बादल्या संपल्या. कोलम काही निघालं नाही. आत्या नखशिखांत भिजल्या, त्यांना मग दोन दिवस सर्दी झाली, आणि बरं वाटल्याबरोबर त्या पुन्हा बादली घेऊन दारात.

पण ते पाण्याशी खेळणं होतं. आमच्याशी अजून नव्हतं. ती पाणी संपलं की अंग झाडून आत यायची.

चैत्रात कावेरी कोरडी पडली. धरणातून पाणी सुटेपर्यंत पात्रात नुसती वाळू असते, दुपारी तापणारी, सकाळी थंड. आम्ही तिला तिथं नेऊ लागलो. साठ-सत्तर हात लांब दोरी, एक टोक तिच्या पट्ट्याला आणि दुसरं नवऱ्याच्या मनगटाला. मोकळं सोडायचं धाडस नव्हतं. ऐकणारं कुत्रं हाक मारून परत येतं. हिला कशानं बोलवणार?

एका सकाळी दोरीच्या आकडीची स्प्रिंग निसटली. ती दोरीच्या टोकापर्यंत गेली, झटका बसायला हवा होता तो बसला नाही, आणि तिला ते आमच्या आधी कळलं. ती धावली.

मी कुत्री धावताना पाहिली आहेत. हे ते नव्हतं. ती वाळूला लागत नव्हती. पाय पोटाखाली गोळा व्हायचे, मग सगळं शरीर उलगडून एक लांब रेघ व्हायची, आणि दोन्ही वेळा चारी पाय हवेत. आवाज नाही, फक्त मागे वाळूचा फवारा. मी "अगं" असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. कशासाठी ओरडायचं? एका श्वासात ती बकरीएवढी दिसू लागली, मग बगळ्याएवढी. पलीकडच्या काठावर रस्ता होता, तिथून बस जाताना दिसत होती.

नवरा मनगटाची दोरी झटकून पळत सुटला. मी त्याचा सदरा मागून धरला.

"धावू नकोस! पाठीमागे लागलास तर ती आणखी पळेल."

"सोड मला! रस्ता आहे तिकडं!"

"थांब. एक मिनिट थांब."

मी त्याला का थांबवलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. भीती तर होतीच. पण त्या भीतीच्या शेजारीच, अगदी खांद्याला खांदा लावून, दुसरं काहीतरी उभं होतं. सहा वर्षं जाळीत बसलेलं ते शरीर काय होतं, कशासाठी घडवलेलं होतं, ते माझ्यासमोर पहिल्यांदा घडत होतं आणि त्यापुढं मला आवाज करवत नव्हता.

काठाच्या खाली ठिपका थांबला. आणि वळला.

तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्या जगात कुठूनही काही आलं नव्हतं. तिनं आपणहून मागे पाहिलं, आम्ही आहोत का ते.

मी छातीवर थोपटलं, पण इतक्या लांबून ते काय दिसणार? मग मी खाली वाकले, दोन्ही हातांनी वाळू उचलली आणि आत्या पाणी फेकतात तशी वर फेकली. पुन्हा. पुन्हा. नवराही फेकू लागला. सूर्य नुकताच वर आला होता, त्यात ती वाळू पिवळी दिसत होती. ठिपका मोठा होऊ लागला. बगळा, बकरी, आणि मग ती, सरळ आमच्यावर चाल करून येणारी, तोंड उघडं, जीभ बाजूला. मला वाटलं ही आता मला उडवणार. तिनं शेवटच्या क्षणी अंग वळवलं, आमच्याभोवती एक मोठी फेरी मारली, दुसरी मारली, आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

मग तिनं पुढचे दोन्ही कोपर वाळूत टेकले. मागचा भाग वर, शेपूट वर, डोळे माझ्या डोळ्यांत. डॉक्टरांनी मोबाइलवर आम्हाला हेच दाखवलं होतं, पिल्लं एकमेकांना खेळायला बोलावतात ते. पट्टा पकडायची हीच वेळ होती. माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही.

मी सेहेचाळीस वर्षांची बाई, साडी नेसलेली. मी वाळूत कोपर टेकले.

ती भुंकली. आमच्या घरात आल्यापासूनचं तिचं पहिलं भुंकणं ते. स्वतःला कधीच ऐकू न आलेला, जाड, वाकडातिकडा, कुठं सुरू करायचा आणि कुठं संपवायचा हे माहीत नसलेला आवाज. मग ती बाजूला उडी मारून पळाली, दहा पावलांवर थांबली, माझ्याकडं बघितलं. मी तिच्यामागे धावले. ती माझ्यामागे धावली. नवरा वाळूत बसून हसत होता आणि डोळे पुसत होता.

दमून ती स्वतःच त्याच्या मांडीला टेकून बसली तेव्हा त्यानं पट्ट्याला दोरी गाठ मारून बांधली.

घरी आलो तर आत्या दारातच होत्या. काय झालं हे सांगायला आम्ही दोघं एकदमच लागलो, आणि त्यांना काहीच कळेना. कुत्री वाडगाभर पाणी प्यायली, पंख्याखाली गेली आणि दिवाणखान्याच्या मधोमध पाठीवर पडून झोपली. पोट वर, चारी पाय चारी दिशांना, गळा उघडा. असं तिला आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं. सहा महिने ती अंगाचं मुटकुळं करून, पाठ कशाला तरी लावूनच झोपत आली होती.

आत्या कॉफीचे पेले घेऊन आल्या. आम्ही तिघं तिच्याभोवती जमिनीवर बसलो.

"किती लांब गेली होती?" आत्यांनी विचारलं.

"पार त्या काठापर्यंत," नवरा म्हणाला.

"आणि वळली?"

"वळली. आपणहून."

आत्यांनी पेला खाली ठेवला, आवाज होणार नाही अशा बेतानं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघंही केव्हापासून कुजबुजत होतो.